एकच किल्ली सर्वांच्या हाती : निवासी शाळेतील बिनतारी जाळ्याची निगा आणि सुरक्षा

माजी विद्यार्थी मेळाव्यासाठी शाळेच्या फाटकातून आत येतात आणि त्यांतील काहींचा मोबाइल, कोणाला काही न विचारता, शाळेच्या वाय-फायला आपसूक जोडला जातो. हा अनुभव अनेक निवासी शाळांच्या मेळाव्यांत येतो. सात-आठ वर्षांपूर्वीचा सांकेतिक शब्द फोनने जपून ठेवलेला असतो आणि शाळेनेही तो बदललेला नसतो. आपले घर आपल्याला विसरलेले नाही असे वाटून मन सुखावते. परंतु ज्या किल्लीने आपण आत येतो तीच किल्ली एवढ्या वर्षांत किती जणांच्या हाती गेली असेल, हा प्रश्नही तेथेच उभा राहतो. पाहुणे व्याख्याते, संगणक दुरुस्तीस आलेले तंत्रज्ञ, बदली होऊन गेलेले कर्मचारी, शेजारच्या वस्तीतील मित्रमंडळी, अशी ही यादी कोणाजवळही लिहून ठेवलेली नसते. या स्मरणिकेच्या निमित्ताने पालक आणि माजी विद्यार्थी यांच्यापुढे हा विषय थोडा विस्ताराने मांडावा, असे आम्हांस वाटले.

तारेने जोडलेल्या संगणकात शिरावयाचे तर माणसाला खोलीत यावे लागते. बिनतारी जाळ्याचे तसे नाही. राउटरमधून निघणाऱ्या रेडिओ लहरी भिंत ओलांडतात, खिडकीतून बाहेर पडतात आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या फोनपर्यंत पोहोचतात. शाळेची कुंपणभिंत त्यांना ठाऊक नसते. म्हणून या जाळ्याचे कुंपण विटांचे नसून कूटलेखनाचे असते. म्हणजे हवेतून जाणारा मजकूर अशा रीतीने गुंफलेला असतो की, किल्ली नसणाऱ्यास तो केवळ निरर्थक अक्षरांचा ढीग दिसावा.

या कुंपणाचा इतिहास बोधप्रद आहे. वाय-फायचे पहिले प्रमाणमानक १९९७ साली प्रसिद्ध झाले व त्यासोबत डब्ल्यूईपी नावाची कूटपद्धती आली. तारेच्या जाळ्याइतकीच गुप्तता देण्याचे तिच्या नावातच आश्वासन होते. प्रत्यक्षात प्रत्येक पुडक्यासाठी किल्लीला जोडावयाचा बदलता अंक तिने अवघ्या २४ बिटांचा ठेवला होता. त्याची सुमारे एक कोटी अडुसष्ट लाख रूपे होतात. ऐकावयास ही संख्या मोठी वाटते, पण गजबजलेल्या जाळ्यावर ती काही तासांतच संपते आणि जुनेच अंक पुन्हा वापरावे लागतात. २००१ साली फ्लुहरर, मँटिन आणि शमीर या तिघा अभ्यासकांनी तिच्यातील आणखी खोल उणीव दाखवून दिली, आणि २००७ पर्यंत जर्मनीतील संशोधकांनी ती एका मिनिटाच्या आत फोडण्याची रीत सिद्ध केली. मधल्या काळात २००३ मध्ये तात्पुरती डागडुजी म्हणून डब्ल्यूपीए आणि २००४ मध्ये भक्कम अशी डब्ल्यूपीए-२ आली. तिच्यातही २०१७ साली बेल्जियममधील मॅथी व्हॅनहुफ यांनी दोष शोधला; तो राउटर व फोन यांतील आज्ञावली अद्ययावत करून बुजविता आला. २०१८ पासून डब्ल्यूपीए-३ उपलब्ध आहे. नवी खरेदी करताना तिचाच आग्रह धरावा, आणि जुन्या राउटरवर किमान डब्ल्यूपीए-२ चालू आहे ना, हे पाहावे. डब्ल्यूईपीवरच चालणारे यंत्र अजून कोठे फडताळात असेल तर ते भंगारातच द्यावे.

परंतु कुलूप कितीही उत्तम असले तरी किल्ली गावभर वाटलेली असेल तर काय होते, याचे उदाहरण शोधण्यास आपल्याला परदेशी जाण्याचे कारण नाही. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना ज्या ईमेलने धमकी पोहोचली, तिचा माग नवी मुंबईतील सानपाडा येथे एका अमेरिकन नागरिकाच्या घरापर्यंत लागला. त्याच्या घरातील वाय-फायचा कोणीतरी बाहेरून वापर केला होता. त्याचे संगणक तपासासाठी गेले, त्याची दीर्घ चौकशी झाली. पुढच्याच महिन्यात तशीच ईमेल माटुंग्यातील एका महाविद्यालयाच्या वाय-फायवरून गेली आणि सप्टेंबरात दिल्लीतील स्फोटांच्या वेळी चेंबूरमधील एका कंपनीच्या जाळ्यावरून. तिन्ही ठिकाणच्या मालकांचा कटाशी संबंध नव्हता. त्यांचे बिनतारी जाळे मात्र परक्यांना मोकळे मिळाले होते. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख नोंदली जावी, अशा सूचना सेवापुरवठादारांना दिल्या.

या घटनेतील जो धडा सर्वांनी घेतला तो असा की, वाय-फाय उघडे ठेवू नये. तो योग्यच आहे. आम्हांला मात्र त्याच्या पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. दोनशे जणांना ठाऊक असलेला एकच सांकेतिक शब्द हा उघड्या दरवाजाहून फारसा वेगळा नाही, कारण आत कोण आले हे दोन्ही प्रसंगी कळत नाही. समजा, शाळेच्या जाळ्यावरून कोणी एका शिक्षिकेविषयी अश्लील मजकूर पसरविला, किंवा कोणाच्या खात्यातून पैसे लाटले. नोंद एकच सापडेल : शाळेचे वाय-फाय. मग शोध सुरू होतो तो पुराव्याने नव्हे, तर अंदाजाने. आणि वसतिगृहातला अंदाज कोणाकडे वळतो, हे सांगावयास नको. जो मुलगा गेल्या वर्षी एकदा शिक्षा भोगून आला, ज्याचे पालक दूरच्या तालुक्यात मजुरीला आहेत आणि भेटायला येऊ शकत नाहीत, ज्याच्या बाजूने बोलणारा कोणी नाही, त्याच्याकडेच बोट जाते. प्रत्येकाला स्वतंत्र ओळख देणारी व्यवस्था ही म्हणूनच केवळ पाळत ठेवण्याची सोय नाही. निरपराध मुलाच्या हातात आपली निर्दोषता दाखविणारा कागद देण्याची ती व्यवस्था आहे.

सामायिक शब्दाचा आणखी एक दोष सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. डब्ल्यूपीए-२ च्या साध्या प्रकारात, ज्याला तो शब्द माहीत आहे आणि ज्याने दुसऱ्याचा फोन जोडला जात असतानाची देवाणघेवाण टिपली आहे, तो त्या दुसऱ्याची रहदारी उकलू शकतो. बँकेची व बहुतेक मोठी संकेतस्थळे स्वतःचे वेगळे कूटलेखन वापरतात म्हणून मजकूर बहुधा वाचतो. तरी कोण कोणत्या संकेतस्थळावर गेले हे पुष्कळदा दिसतेच. डब्ल्यूपीए-३ ने ही फट बुजविली आहे.

उपाय नवा नाही. विद्यापीठांत तो फार पूर्वीपासून रूढ आहे. युरोपात या शतकाच्या आरंभी सुरू झालेल्या एड्युरोम योजनेत विद्यार्थी आपल्या संस्थेने दिलेल्या नावाने दुसऱ्या संस्थेतही वाय-फाय वापरतो, आणि भारतातील काही शिक्षणसंस्थाही तीत सहभागी आहेत. तत्त्व असे की, राउटर स्वतः कोणाला आत घेत नाही. तो एका सर्व्हरला विचारतो, आणि तो सर्व्हर प्रत्येकाचे नाव व सांकेतिक शब्द पडताळून होकार देतो. फ्रीरेडियस ही त्यासाठीची आज्ञावली विनामूल्य मिळते व जुन्या संगणकावरही चालते. राउटर मात्र ही पद्धत जाणणारा हवा, आणि फोनवर सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासण्याची सोय बंद करू नये. ती बंद केली तर शाळेच्याच नावाचे खोटे जाळे उभारून कोणीही शब्द हस्तगत करू शकतो. मुले सामायिक टॅब वापरतात तेथे मात्र ही व्यवस्था अपुरी पडते, कारण टॅब आधीच्या मुलाचे नाव लक्षात ठेवतो. तेथे जुनी वहीच उपयोगी : कोणता टॅब, कोणी, किती वाजता नेला व परत केला. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे संगणक क्षेत्रात आहेत त्यांनी सुटीतील दोन दिवस दिले, तर एका शाळेचे हे काम उभे राहू शकते.

तेवढे जमेपर्यंत जाळ्याचे निदान भाग पाडावेत. कार्यालयातील संगणकावर काय असते याचा पालकांनी क्षणभर विचार करावा : जातीचे दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, आधार क्रमांक, बँक खाती, वैद्यकीय नोंदी. हा संगणक आणि पाहुण्याचा मोबाइल एकाच जाळ्यावर असणे म्हणजे कोठीघर आणि व्हरांडा यांच्यामध्ये दारच नसणे. कार्यालय, विद्यार्थी, पाहुणे असे तीन वेगळे विभाग बऱ्याच साध्या राउटरवरही करता येतात, आणि पाहुण्यांचा शब्द कार्यक्रम संपताच बदलता येतो. चौथा विभाग कॅमेऱ्यांचा. २०१६ साली मिराई नावाच्या घातक आज्ञावलीने जगभरातील कॅमेरे व तत्सम उपकरणे ताब्यात घेतली. तिच्याजवळ असाधारण असे काही नव्हते, कारखान्यातून ठरून येणाऱ्या सुमारे ६० नाव-शब्दांच्या जोड्यांची यादी तेवढी होती. मुलींच्या वसतिगृहाच्या दारावरील कॅमेरा त्याच मूळ शब्दावर चालत असेल, तर ते चित्र आणखी कोण पाहत आहे, हे आपल्याला कळणारही नाही.

काही उपाय मात्र नुसते समाधान देतात. जाळ्याचे नाव लपविणे हा त्यांतला एक. ते नाव हवेत तरंगतच असते आणि साध्या साधनाने दिसते. प्रत्येक फोनचा यंत्रक्रमांक राउटरमध्ये नोंदवून बाकीच्यांना मज्जाव करणे हा दुसरा. तो क्रमांक नक्कल करता येतो, शिवाय अलीकडचे फोन गुप्ततेसाठी वेगवेगळ्या जाळ्यांना वेगवेगळे बनावट क्रमांक सांगतात, त्यामुळे नोंदवही लवकरच निरुपयोगी होते. उलट एक बटण हमखास बंद करावे, ते म्हणजे डब्ल्यूपीएस. त्यातील आठ अंकी क्रमांक दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा अंक केवळ पडताळ्याचा असतो. परिणामी दहा कोटी नव्हे, फार तर अकरा हजार प्रयत्नांत तो सापडतो. हे २०११ साली उघड झाले, तरी अनेक राउटरवर ही सोय अजून चालूच असते.

वेगाच्या तक्रारी पालकांकडून अधिक येतात, विशेषतः रविवारी संध्याकाळी, जेव्हा सगळेच घरी व्हिडिओ कॉल लावतात. त्याचे कारण बहुधा इंटरनेट कमी असणे हे नसते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांना न अडविणारे मार्ग तीनच : १, ६ आणि ११. शेजारशेजारचे राउटर एकाच मार्गावर असले की सर्वांना आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते. राउटर लोखंडी कपाटामागून काढून खोलीच्या मध्यभागी उंचावर लावावा. जवळच्या फोनना ५ गिगाहर्ट्झवर वळवावे. एवढ्यानेच पुष्कळ फरक पडतो.

नोंदी ठेवावयाच्या म्हटल्या की त्या कोण वाचणार, हे आधी ठरवावे. कोण केव्हा जोडले गेले एवढीच नोंद ठेवावी. मुलाने काय वाचले याची यादी गृहपतींच्या टेबलावर रोज येऊ नये. वयात येणारी मुले शरीराविषयी, मनाविषयी, घरातल्या मारहाणीविषयी जे प्रश्न कोणाला विचारू शकत नाहीत ते इंटरनेटला विचारतात. तक्रार आली तरच नोंद उघडावी आणि ती मुख्याध्यापक व एक शिक्षिका अशा दोघांसमोर उघडावी. पैशांची फसवणूक झाली असेल तर पालकांनी शाळेच्या उत्तराची वाट न पाहता १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर लगेच कळवावे; उशीर झाला तर पैसे अडविणे कठीण होते.

राहता राहिला राउटरचा स्वतःचा सांकेतिक शब्द. तो वाय-फायच्या शब्दाहून वेगळा असतो आणि तो बहुधा बसविणाऱ्या तंत्रज्ञालाच ठाऊक असतो. तो शाळेने आपल्याकडे घ्यावा, बदलावा, कागदावर लिहून पाकिटात बंद करावा आणि मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावा. पाकिटावर तारीख व दोघांच्या सह्या असाव्यात. त्या दोघांपैकी कोणी शाळा सोडून गेले की पाकीट फोडावे, शब्द बदलावा आणि नव्या सह्यांचे नवे पाकीट ठेवावे.