पूल पडण्याआधी

जुने पूल, गिरण्या, रेल्वेच्या शेड यांची मोजमापं घेण्यात आयुष्याची बरीच वर्षं गेली. त्यातून अशा वास्तू वाचवण्याबद्दल शिकलो ते असं.

१. निविदा निघाल्यावर धावपळ करून फारसं काही हाती लागत नाही. रस्त्याची आखणी कागदावर असतानाच त्या नकाशावर जुनी वास्तू नावानिशी दिसायला हवी. खंडाळ्याच्या घाटातला १८३० चा अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ता मोकळा असताना, सुरुंग लावून पाडला. पण द्रुतगती मार्ग त्याच्या खांबांमधून नेला तेव्हाच त्याचं भवितव्य ठरलं होतं, असं मला वाटतं.

२. सुरक्षेचा मुद्दा कधीही झटकू नये. महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला, एसटीच्या दोन गाड्या वाहून गेल्या. 'जुनं जपा' म्हणणाऱ्यांनी ती रात्र विसरता कामा नये. मात्र 'धोकादायक' एवढ्या शब्दावरही थांबू नये. पाया खचलाय, दगड निसटलेत की फक्त उंची अपुरी आहे? मुंबईचा हँकॉक पूल २०१६ मध्ये उतरवला, त्यामागे विजेच्या तारांना लागणारी उंची हे मोठं कारण होतं. दुखणं वेगळं, तर उपायही वेगळा. आणि तिथले रहिवासी नवा पूल होईपर्यंत जीव मुठीत धरून रूळ ओलांडत होते. आपल्या हरकतीच्या अर्जात त्यांच्या वाटेचाही विचार असायला हवा.

३. शेजारी खोदकाम सुरू होण्याआधी प्रत्येक तडा नोंदवा. तड्यावर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना घट्ट चिकटवायची, बाजूला तारीख लिहायची. भिंत किंचित जरी सरकली तरी काच तडकते. यंत्रावर कंपनांचे आकडे येतात, तेही हवेतच. पण तडकलेली काच साइटवरच्या मुकादमालाही लगेच कळते आणि काम तिथेच थांबवता येतं. खोदकामाआधीचे फोटो नसले की "हा तडा जुनाच आहे" या उत्तरापुढे आपण गप्प होतो.

४. शेजारून वाट मागा. पुण्याचा १८६७ चा बंडगार्डनचा पूल उभा आहे, कारण वाहनांसाठी बाजूला नवा पूल बांधला.

५. छोट्या वस्तू सर्वांत आधी भंगारात जातात. गेजबदल झाला की सिग्नलचे खटके, पाण्याचे नळखांब, स्थानकाच्या जुन्या पाट्या नाहीशा होतात. मग तो कुर्डुवाडी-लातूरचा नॅरोगेज असो की तिकडे तमिळनाडूत कुंभकोणमजवळच्या आडुतुरैवरून जाणारा मीटरगेज. मुंबईच्या कार्नाक पुलावर नाव कोरलेले दगड होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो २७ तासांच्या मेगाब्लॉकमध्ये पाडला. अशा ब्लॉकमध्ये मिनिटामिनिटाचा हिशेब असतो. म्हणून दगड कोणत्या क्रेनने, किती वाजता उतरवायचे आणि कुठे ठेवायचे, हे त्या वेळापत्रकातच आधी लिहून घ्यावं.