कॉम्प्रेसर बंद पडतो तेव्हा

मोटारीच्या एसीचा कॉम्प्रेसर हा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप असतो. कूलिंग कॉइलमधला कमी दाबाचा गॅस तो ओढून घेतो, दाबतो आणि रेडिएटरच्या पुढ्यात बसवलेल्या कंडेन्सरकडे ढकलतो. तिथे वाऱ्याने गॅसचा द्रव होतो. हा द्रव ड्रायरमधून गाळून निघतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून कूलिंग कॉइलमध्ये सुटतो आणि उकळताना केबिनमधली उष्णता शोषून घेतो. गॅसबरोबर थोडे तेलही या फेऱ्यात फिरत असते आणि कॉम्प्रेसरला वंगण मिळते ते त्यातूनच. इंजिनाचे तेल त्याच्यापर्यंत पोचत नाही. गॅस कमी झाला की थंडावा कमी होतोच, शिवाय तेलही कमी परत येते. जाम झालेल्या कॉम्प्रेसरचा माग काढत गेले, तर तो पुष्कळदा इथेच येऊन थांबतो.

प्रस्तुत लेखकाच्या जुन्या हॅचबॅकचा कॉम्प्रेसर असाच गेला. गाडी नागपूरची. फेब्रुवारीअखेर गॅस भरला, एप्रिलच्या सुरुवातीला थंडावा गेला, पुन्हा भरला. मे महिन्यात बटण दाबूनही कॉम्प्रेसर सुरू होईना. गॅरेजमधल्या फिटरने प्रेशर स्विचचा कनेक्टर काढून त्याच्या दोन टोकांत तारेचा बोटभर तुकडा खोचला आणि क्लचने खट्कन पकड घेतली. वरून थोडा गॅस मारला. तार तशीच राहिली. बाहेर ४५ अंशांचे ऊन होते, मालकाला गाडी लगेच हवी होती, त्यानेही तारेबद्दल विचारले नाही. आठ दिवसांनी वर्धा रोडवर बॉनेटखालून करकर ऐकू आली, रबर जळल्याचा वास आला आणि पट्टा तुटला. अल्टरनेटर त्याच पट्ट्यावर असल्याने बॅटरीचा दिवाही लागला. गॅस जातो कुठून, हे तिन्ही वेळा कोणी पाहिले नव्हते. स्विच बिघडलेलाही नव्हता. गॅस संपत आला म्हणून तो कॉम्प्रेसरला रोखून धरत होता, आणि नेमकी ती राखणच तारेने काढून टाकली.

तपासणीचा पहिला प्रश्न असा, की कॉम्प्रेसर फिरतो की नाही. क्लच असलेल्या कॉम्प्रेसरची पुली इंजिनाबरोबर सतत फिरते; तिच्यापुढची चकती मात्र एसी लावल्यावरच फिरू लागते. ओढणी, सैल बाही पट्ट्यापासून दूर ठेवून हे नुसत्या नजरेने पाहता येते. चकती थांबलेली असेल, तर आधी फ्यूज आणि रिले पाहावा. त्याच नंबरचा दुसरा रिले बसवून पाहिला, की दोन मिनिटांत शंका फिटते. मग क्लचच्या कॉइलपर्यंत १२ व्होल्ट येतात का, ते मीटरने मोजावे. व्होल्टेज येत असूनही क्लच धरत नसेल, तर दोष क्लचमध्ये असतो. कॉइलचा रोध सामान्यतः ३ ते ५ ओहम असतो. मीटर काहीच दाखवत नसेल, तर कॉइल तुटलेली आहे. चकती आणि पुली यांच्यातली फट साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर असावी लागते. झिजून ती वाढली, की गाडी गार असताना क्लच धरतो आणि तापल्यावर सुटतो. अशा वेळी फट जुळवून किंवा फक्त क्लच बदलून भागते, पुरा कॉम्प्रेसर काढावा लागत नाही.

कॉइलपर्यंत वीजच येत नसेल, तर कोणीतरी ती अडवलेली असते. दाब सुमारे २ बारच्या खाली गेला किंवा ३० बारच्या आसपास चढला, की प्रेशर स्विच वीज तोडतो. कूलिंग कॉइलवर बर्फ धरू लागला किंवा इंजिन फार तापले, तरी कॉम्प्रेसर बंद ठेवला जातो. म्हणून स्विचला हात लावण्याआधी दाब मोजावा. तारेने जोडून पाहणे ही क्षणभराची चाचणी झाली, तीही दाब ठीक असल्याची खात्री झाल्यावरच. तार ठेवून गाडी रस्त्यावर आणू नये. अनेक नव्या गाड्यांतल्या कॉम्प्रेसरला क्लचच नसतो. तिथे चकती कायम फिरते आणि आतला कंट्रोल व्हॉल्व्ह गॅसचे प्रमाण कमी-जास्त करतो. त्याचा दोष स्कॅनर लावून शोधावा लागतो.

दुसरी खूण आवाजाची. एसी बंद असताना घरघर येते आणि लावल्यावर ती कमी होते किंवा बदलते, तेव्हा संशय पुलीच्या बेअरिंगवर घ्यावा. एसी लावल्यावरच खडखड सुरू होत असेल, तर झीज आतली असण्याचा संभव मोठा. धावताना थंड आणि सिग्नलला गरम हवा येत असेल, तर आधी कंडेन्सरचा पंखा फिरतो का आणि जाळीत चिखल-पाचोळा अडकला आहे का, ते पाहावे. हवा थंड असून झोत क्षीण असेल, तर केबिन फिल्टर तुंबलेला असतो. या दोन्ही तक्रारींत कॉम्प्रेसर सहसा निर्दोष निघतो.

तिसरी पायरी गेजची. आर-१३४ए गॅसच्या गाडीत इंजिन काही तास बंद असेल, तर दोन्ही काटे एकाच आकड्यावर येतात. ३५ अंशांना तो ११४ पीएसआयच्या जवळ असतो. इथे एक फसगत ठरलेली आहे. आत थोडासा जरी द्रव शिल्लक असला, तरी काटा तोच आकडा दाखवतो, त्यामुळे बंद गाडीचा दाब पाहून गॅस पुरेसा आहे असे म्हणता येत नाही. एसी चालू असताना साधारण हवामानात लो साइड २५ ते ४५ आणि हाय साइड १५० ते २५० पीएसआय असते. कडक उन्हात आकडे वर जातात. दोन्ही कमी असतील, तर गॅस कमी. दोन्ही जास्त असतील, तर गॅस जादा, आत हवा शिरलेली किंवा कंडेन्सर गार होत नाही. लो साइड जवळजवळ शून्यावर गेली, तर वाटेत अडथळा आहे, बहुधा एक्स्पान्शन व्हॉल्व्हपाशी. लो साइड चढलेली आणि हाय साइड उतरलेली असेल, म्हणजे दोन्ही काटे एकमेकांकडे सरकलेले असतील, तर मात्र कॉम्प्रेसर दाबच तयार करत नाही. त्याच्यावर ठपका ठेवायला ही खूण सर्वांत भक्कम.

गॅस कमी निघाला, तर भरण्याआधी गळती शोधावी. गळतीच्या जागी गॅसबरोबर तेल बाहेर येते आणि त्यावर धूळ बसते. लेखकाच्या गाडीत कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात रुपयाएवढा काळपट, तेलकट डाग होता. टॉर्च धरली असती, तर तो फेब्रुवारीतच दिसला असता. डाग दिसला नाही, तर साबणाचे पाणी लावून किंवा नायट्रोजनचा दाब धरून पाहतात, नाहीतर गॅसमध्ये रंग सोडून अतिनील दिव्याखाली शोधतात. क्लचच्या मागे तेलाचे शिंतोडे उडालेले असतील, तर कॉम्प्रेसरचे शाफ्ट सील गळते आहे.

कॉम्प्रेसर खरोखरच गेला असेल, तर त्यातले तेल पांढऱ्या फडक्यावर ओतून पाहावे. लेखकाच्या गाडीतले तेल पाटीवरच्या पेन्सिलीच्या भुकटीसारखे राखाडी होते आणि उन्हात धरल्यावर त्यात धातूचा कीस चमकत होता. असा कीस सगळ्या नळ्यांत पसरतो. त्यावर नवा कॉम्प्रेसर चढवला, तर तोही लवकर खराब होतो. नळ्या धुवाव्या लागतात, ड्रायर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बदलावे लागतात. कंडेन्सरच्या केसासारख्या बारीक वाटा तर धुऊन स्वच्छ होत नाहीत, म्हणून तोही नवा लागतो. तेल कंपनीने सांगितलेल्या जातीचे आणि मापाचेच घालावे. त्यानंतर किमान अर्धा तास व्हॅक्यूम ओढून, पंप बंद केल्यावर काटा हलत नाही ना, हे पाहावे. मग बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिलेल्या ग्रॅमइतकाच गॅस वजनाने भरावा. लेखकाच्या गाडीला हे सारे करावे लागले. वेळीच लक्ष दिले असते, तर कंडेन्सर, ड्रायर आणि गॅस एवढ्यावर भागले असते.

पावसाळ्यात आणि थंडीतही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवावा, म्हणजे तेल फिरते आणि सील कोरडे पडत नाहीत. गॅरेजमध्ये गाडी देताना किती ग्रॅम गॅस निघाला, गळती कुठे सापडली आणि किती ग्रॅम भरला, हे बिलावर लिहून घ्यावे. गळतीची जागा कोरी ठेवून गॅस भरून मिळाला असेल, तर काम अर्धेच झाले आहे.