मोटार घरीच भारायची, तर...

गेल्या वर्षी आमच्या शेजाऱ्यांनी विजेवर चालणारी मोटार घेतली. पहिल्याच रात्री त्यांनी न्हाणीघराबाहेरच्या गीझरच्या सॉकेटला मोटारीचा प्लग लावला, वायर खिडकीतून अंगणात सोडली आणि सारे झोपी गेले. सकाळी पाहतात तो प्लग निघेना. त्याचे प्लॅस्टिक मऊ होऊन सॉकेटला चिकटले होते आणि सॉकेटची पांढरी पट्टी तपकिरी पडली होती. “याच सॉकेटवर दहा वर्षे गीझर चालला. मोटारीनेच काय घोडे मारले?” असे त्यांनी मला विचारले.

विद्यार्थी मित्रहो, याचे उत्तर तुमच्या पाठ्यपुस्तकात आहे. तारेत निर्माण होणारी उष्णता ही प्रवाहाचा वर्ग, रोध आणि काळ यांच्या गुणाकाराएवढी असते, हा तो ज्यूलचा नियम. २००० वॉटचा गीझर २३० व्होल्ट दाबावर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो, तोही पंधरा-वीस मिनिटे. मग बंद होतो आणि सॉकेट निवते. मोटार त्याच सॉकेटमधून जवळजवळ १५ अँपिअर घेते. प्रवाह पावणेदोनपट झाला की उष्णता दर सेकंदाला तिप्पट होते. आणि हे चालते रात्रभर.

आता सॉकेटमधली पितळी पट्टी जुनी होऊन सैल झाली आहे असे समजा. तेथील रोध अवघा ०.१ ओहम धरू. १५ × १५ × ०.१ म्हणजे २२.५ वॉट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडची लहान डाख देण्याची इस्तरी २५ वॉटची असते. म्हणजे शेजाऱ्यांनी नकळत एक तापलेली इस्तरी भिंतीत रात्रभर ठेवली होती!

तारेचाही हिशेब करून पाहा. मीटरपासून मोटारीपर्यंत अंतर २० मीटर असेल, तर जाणारी व येणारी मिळून तार ४० मीटर. २.५ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.२८ ओहम भरतो. १५ अँपिअरला तीत ६० वॉटच्या वर उष्णता निर्माण होते. हा आकडा इस्तरीपेक्षा मोठा आहे खरा, पण ती उष्णता ४० मीटरवर पसरलेली. मीटरमागे दीड वॉट. घातक ठरते ती नखाएवढ्या जागेत कोंडलेली उष्णता. म्हणूनच मोटारीसाठी मुख्य फलकापासून स्वतंत्र तार, तिला स्वतंत्र एम.सी.बी. आणि घट्ट पकडीचे नवे सॉकेट हवे. मध्ये एक्स्टेंशन बोर्ड मुळीच नको. प्रत्येक जोड म्हणजे एक नवी सैल जागा.

पुष्कळ लोक याहून मोठा, ३२ अँपिअरचा, म्हणजे सुमारे ७ किलोवॉटचा खोका भिंतीवर बसवतात. प्रवाह दुप्पट होताच तारेतील उष्णता चौपट होते, २.५ ची तार येथे चालणार नाही, ६ चौरस मिलिमीटरची तरी लागेल. पण एवढा खोका खरोखर हवा का? दिवसाला ४० किलोमीटर फिरणाऱ्या लहान मोटारीला साधारण ६ ते ७ युनिट पुरतात. साध्या सॉकेटवर ते दोन-अडीच तासांत भरतात. माझ्या मते बहुतेक घरांना नीट बसवलेले १५ अँपिअरचे सॉकेट पुरेसे आहे. ३० युनिटची बॅटरी रोज रिकामी होत असेल, तर मात्र साध्या सॉकेटचे नऊ-दहा तास आणि मोठ्या खोक्याचे साडेचार तास, हा फरक जाणवतो.

येथे एक गंमत सांगतो. त्या खोक्याला सारे ‘चार्जर’ म्हणतात, पण तो चार्जर नव्हेच! प्रत्यावर्ती प्रवाहाचे एकदिश प्रवाहात रूपांतर करणारा खरा चार्जर मोटारीच्या पोटात असतो. तो ३.३ किलोवॉटचा असेल, तर भिंतीवर ७ किलोवॉटचा खोका लावूनही वेग तेवढाच राहतो. खोका म्हणजे एक शहाणा स्विच. त्याच्या केबलमध्ये एक बारीक निरोप्या तार असते. तिच्यावर आरंभी १२ व्होल्ट दाब असतो. मोटार जोडली की तो ९ वर उतरतो, आणि मोटार तयार झाली की ६ वर. मगच खोका मुख्य वीज सोडतो. तोवर प्लगची टोके निर्जीव. शिवाय या तारेवर सेकंदाला १००० स्पंद जातात. स्पंदाचा जेवढे टक्के काळ दाब चढलेला असेल, त्या संख्येला ०.६ ने गुणले की मोटारीने किती अँपिअरपर्यंत प्रवाह घ्यावा ते कळते. ५३ टक्के म्हणजे ३२ अँपिअर!

अर्थिंगविषयी मात्र जरा थांबून विचार करा. मोटार रबरी टायरांवर, म्हणजे विद्युतरोधकावर उभी असते. आत बिघाड होऊन पत्र्याला वीज लागली तर तिला जमिनीकडे वाट नाही. ओल्या अंगणात अनवाणी उभा राहून दाराला हात लावणारा माणूसच ती वाट ठरतो. जुन्या घरांत सॉकेटला तिसरे भोक असते, पण मागे तारच नसते. ती आहे की नाही, हे वायरमनकडून मोजून घ्या.

याच्या जोडीला आर.सी.सी.बी. हवा. त्यात जाणारी व येणारी अशा दोन्ही तारा एका चुंबकीय कड्यातून ओवलेल्या असतात. दोन्हींचे प्रवाह समान असले की त्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना छेदून शून्य होतात. ३० मिलिअँपिअर प्रवाह इतरत्र गळाला, तर तोल बिघडतो आणि सेकंदाच्या एक-तृतीयांश भागाच्या आत वीज तुटते. पण मोटारीत एकदिश विजेची बॅटरी आहे. तिकडून एकदिश गळती आली, तर कडे एकाच बाजूने चुंबकित होऊन जणू आंधळे बनते आणि खरी गळती त्याला दिसत नाही. म्हणून घरातला साधा ‘एसी’ जातीचा आर.सी.सी.बी. येथे कामाचा नाही. ‘बी’ जातीचा घ्यावा, किंवा ६ मिलिअँपिअर एकदिश गळती ओळखणारा खोका व ‘ए’ जातीचा आर.सी.सी.बी. अशी जोडी वापरावी.

वीजबिलावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो, तोही पाहा. ३ किलोवॉट मंजूर असलेल्या घरात ७ किलोवॉटचा खोका लावण्यापूर्वी भार वाढवून घ्यावा लागतो.

आमच्या शेजाऱ्यांनी आता स्वतंत्र तार ओढून घेतली आहे. त्यांची मुलगी नववीत आहे. पहिल्या दिवशी तासभर भारण झाल्यावर तिने बटण बंद केले, प्लग काढला आणि त्याच्या प्लॅस्टिकला तळहाताची मागची बाजू लावून पाहिली. तो जेमतेम कोमट होता. दर महिन्याच्या एक तारखेला ती हे करते आणि वहीत टिपून ठेवते.