प्रगतिपुस्तकाचें वाचन

वर्षांतून दोन वेळां विद्यालयाकडून एक लहानसें पुस्तक विद्यार्थ्याच्या दप्तरांतून घरीं जातें. त्यास आपण प्रगतिपुस्तक म्हणतों. तें घरीं पोंचल्यावर बहुधा काय होतें, हें सर्वांस ठाऊक आहे. वडील शेवटचा आंकडा पाहतात. तो मोठा असला तर पेढे, लहान असला तर कानउघाडणी, आणि मग खालीं सही. पुस्तक वाचलें मात्र जात नाहीं. ज्या घरीं नुसत्या आंकड्यावर निवाडा होतो, त्या घरचें मूल पुस्तक लपवूं लागतें, आणि पुढें वडिलांची सही स्वतःच करावयास शिकतें. म्हणून प्रगतिपुस्तक कसें वाचावें, याविषयीं पालकवर्गाशीं चार शब्द बोलण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पहिला घोटाळा विद्यार्थी आठवींतून नववींत गेला म्हणजे होतो. प्राथमिक वर्गांसाठीं आपल्या राज्यांत सन २०१० सालीं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धति सुरू झाली. तींत गुणांच्या जागीं श्रेणी येते. शेंकडा ९१ पासून वर अ-१, ८१ ते ९० अ-२, ७१ ते ८० ब-१, ६१ ते ७० ब-२, असा तिचा क्रम आहे. येथें ध्यानांत ठेवावयाचें तें इतकेंच कीं, ८० गुणांचा ब-१ व ८१ गुणांचा अ-२ यांत अंतर एका गुणाचें असतें. उलट ८१ आणि ९० हे दोघेही एकाच अक्षराखालीं बसतात. अक्षर बदललें म्हणून मूल बदललें, असें समजूं नये.

शिवाय सातवी-आठवींत १०० पैकीं ४० गुण वर्षभर चालणाऱ्या वर्गकामास, म्हणजे तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, स्वाध्याय यांस असतात, व ६० गुण सत्राच्या परीक्षेस. माध्यमिक वर्गांत हें प्रमाण पालटतें. तेथें ८० गुण लेखी परीक्षेस व अवघे २० गुण तोंडी, प्रात्यक्षिक किंवा अंतर्गत कामास. आतां हिशेब करून पाहा. एखादी विद्यार्थिनी वर्गकामांत शेंकडा ९० व लेखी परीक्षेंत शेंकडा ६० अशा योग्यतेची आहे. आठवींत तिला ३६ व ३६ मिळून ७२ पडतील. नववींत १८ व ४८ मिळून ६६. तिचा अभ्यास तसूभरही कमी झाला नसतां सहा गुण गेले! तेव्हां "नववींत गेल्यापासून पोर वाया गेली" असा शेरा मारण्यापूर्वीं मापच बदललें आहे, हें पालकांनीं जाणावें. लेखनाचा सराव वाढविणें हाच त्यावर उपाय होय.

दुसरी गोष्ट अशी कीं, एकूण गुणांची फोड केल्यावांचून त्यांचा अर्थ लागत नाहीं. समजा, एका विद्यार्थ्यास गणितांत ५२ गुण आहेत. फोड पाहिली तों अंतर्गत कामांत २० पैकीं १७, बीजगणितांत ४० पैकीं २७ आणि भूमितींत ४० पैकीं ८. हा मुलगा गणितांत कच्चा आहे काय? मुळींच नाहीं, त्याची भूमिति मागें पडली आहे. आतां त्याच पुस्तकांतील हजेरीचें पान उलटावें. भूमितीचे पहिले धडे चालू असतां तो बारा दिवस शेतकामासाठीं किंवा आजारपणामुळें घरीं होता, असें आढळलें, तर रोग आणि औषध दोन्ही एकाच वेळीं हातीं लागतात. अशा मुलास दोन महिन्यांची मदत पुरते. रागानें मात्र कांहींच साधत नाहीं.

तिसरी गोष्ट तुलनेची. "माझ्या वेळीं मला इतके टक्के होते," असें पुष्कळ वडील ऐकवितात. परंतु मंडळाच्या दहावीच्या निकालांत सन २०१० पासून सहांपैकीं सर्वांत चांगल्या पांच विषयांवरून शेंकडेवारी काढण्याची सवलत आली. त्यापूर्वींच्या व नंतरच्या शेंकड्यांस एका तराजूंत घालणें बरोबर नव्हे. तराजू बदलला म्हणजे वजन कसें बदलतें, याचा दाखला फार दूरचा नाहीं. सन २०१८ सालीं राज्याचा दहावीचा निकाल शेंकडा ८९.४१ होता, २०१९ सालीं तो ७७.१० वर उतरला. त्या वर्षीं अभ्यासक्रम नवा होता, आणि भाषा व सामाजिक शास्त्रें यांचे शाळेकडून मिळणारे २० गुण काढून टाकलेले होते. एका वर्षांत राज्यांतील मुलांची बुद्धि ओसरली, असें कोणी म्हणेल काय? पुढील वर्षापासून ते गुण पुनः सुरू झाले. म्हणून मुलाची तुलना वडिलांशीं नको, शेजाऱ्याच्या मुलाशींही नको. त्याच्याच मागील सत्राशीं करावी.

मंडळाच्या परीक्षेंत विषयांत उत्तीर्ण होण्यास ३५ गुण लागतात. एकंदरींत शेंकडा ४५ ला द्वितीय श्रेणी, ६० ला प्रथम श्रेणी व ७५ ला विशेष प्रावीण्य मिळतें. हे टप्पे उपयोगाचे खरे. परंतु ३० वरून ४२ वर आलेल्या मुलानें जितकी वाट चालली, तितकी ८८ वर स्थिर राहिलेल्यानें चालली असेलच असें नाहीं. पहिल्याच्या पाठीवर थाप पडली नाहीं, तर तो पुढें कशाच्या बळावर चालेल?

गुणांखालीं शिक्षकांनीं लिहिलेल्या ओळीही वाचाव्या. विशेष प्रगति, आवड व छंद, आवश्यक सुधारणा यांविषयींच्या नोंदी जागा भरण्यासाठीं नसतात. "वाचन चांगलें, लेखन अपुरें" या चार शब्दांत कधीं कधीं सगळ्या गुणपत्रकापेक्षां अधिक माहिती असते. नोंद मोघम वाटल्यास पालकांनीं शाळेंत येऊन खुलासा मागावा. तो त्यांचा हक्क आहे, आणि खुलासा देणें हें आमचें कर्तव्य आहे.

शेवटीं एक गोष्ट स्पष्ट बोलणें आम्हांस प्राप्त आहे. मुलाला कमी गुण पडले तर त्याच्यासाठीं शिकवणी शोधली जाते. मुलीला पडले तर "आतां पुरे झालें शिक्षण" असा विचार अजूनही कांहीं घरीं निघतो. पुस्तक एकच, आंकडा एकच, आणि निकाल दोन! प्रगतिपुस्तक हें शिक्षण कोठें थांबवावें हें सांगण्यासाठीं लिहिलेलें नाहीं. मदत कोठें हवी हें दाखविण्यासाठीं तें लिहिलेलें आहे.

तरी पालकांस आमची विनंति अशी. पुढचें पुस्तक घरीं येईल तेव्हां मुलाला जवळ बसवावें, एकेका विषयाची फोड त्याच्याकडूनच वाचून घ्यावी, हजेरी व नोंदी पाहाव्या, आणि "कोठें अडलें ?" एवढेंच विचारावें. उत्तर शांतपणें ऐकून घ्यावें. मग सही करावी. ती सही म्हणजे पुस्तक पोंचल्याची पावती नव्हे. या मुलाच्या शिक्षणांत घर व शाळा यांचा वांटा सारखा आहे, याची ती कबुली आहे.