आईची व्हॅन, बाबांचे डॉमिनोज

आई-बाबांनो, तुमच्या सोळा-सतरा वर्षांच्या लेकराच्या फोनवर केंड्रिक लमारची गाणी असतील, तर त्यातली शिवी तुमच्या कानावर आधी पडली असणार. जेवायला हाक मारायला खोलीत जावं, हेडफोन पलंगावर पडलेला असावा आणि त्यातून नेमका तोच शब्द बाहेर यावा, असा आपला आणि या गाण्यांचा योग असतो. मग ‘हे काय ऐकतोयस?’, त्यावर ‘तुला नाही कळणार’, आणि विषय मिटला. गाण्याच्या नावापुढे ‘ई’ हे इंग्रजी अक्षर छोट्या चौकोनात दिसतं. भाषा किंवा विषय मुलांसाठी नाही, एवढंच ते सांगतं. ही पद्धतही पालकांनीच आणली. १९८५ मध्ये वॉशिंग्टनमधल्या काही आयांनी गाण्यांच्या शब्दांवरून रान उठवलं, सिनेटपुढे सुनावणी झाली आणि त्यातून रेकॉर्डवर इशारा छापायची रीत पडली. इशारा वाईट नाही. पण गाण्यात शिवी आहे एवढंच तो सांगतो. ती कोण देतंय, का देतंय, आणि देणाऱ्याला घरून कुणाचे फोन येतायत, हे त्याला कुठलं ठाऊक असायला?

फोनचं म्हटलं, कारण ज्या अल्बमबद्दल मला तुमच्याशी बोलायचंय, त्यात घरून सारखे फोन येतात. ‘गुड किड, मॅड सिटी’. ऑक्टोबर २०१२ मध्ये तो आला, तेव्हा केंड्रिक पंचवीस वर्षांचा होता. आज रॅपमध्ये त्याच्याइतकं वजन असलेली नावं थोडी. २०१८ मध्ये ‘डॅम’ या अल्बमला पुलित्झर मिळालं. शास्त्रीय आणि जॅझच्या बाहेरच्या संगीताला ते तोवर कधी मिळालं नव्हतं. तरी पालकांनी एकच अल्बम ऐकायचा असेल, तर मी हा आधीचा सुचवेन. मुखपृष्ठावर त्यानं याला स्वतःचा ‘लघुपट’ म्हटलंय, आणि तो ऐकायचाही तसाच, पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग. मधलंच एखादं गाणं उचललंत, तर फसाल.

गोष्ट साधी आहे. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला कॉम्प्टन नावाचं गाव. केंड्रिक तिथला. त्याचे आई-वडील मूळचे शिकागोचे; तिथल्या टोळ्यांपासून लांब जावं म्हणून ते १९८४ मध्ये कॅलिफोर्नियात आले आणि येऊन पडले ते कॉम्प्टनमध्ये, जिथं ब्लड्स आणि क्रिप्स या दोन टोळ्यांनी गल्ल्यासुद्धा वाटून घेतल्या होत्या! अल्बममधला सतरा वर्षांचा केंड्रिक आईची व्हॅन घेऊन शरेन नावाच्या मुलीला भेटायला निघतो. तिच्या घरापाशी हुडी घातलेले दोघे उभे दिसतात. आणि तेवढ्यात फोन वाजतो. आईचा.

तो उचलत नाही. मग आईचा आवाज मशीनवर. पंधरा मिनिटांत येतो म्हणून गेलास, कुठं आहेस, मला सरकारी कचेरीत जायचंय, पोरं उपाशी आहेत, त्या मुलीच्या नादाला लागू नकोस, व्हॅन आण. हे सगळं एका दमात, मधे शिव्या पेरून. आणि मागून वडिलांचा आवाज: डॉमिनोजचं कुणी काही बोललं का? त्यांना फक्त त्यांच्या डॉमिनोजच्या, म्हणजे त्या खेळातल्या सोंगट्यांची पडलीय. आपल्याकडे पत्त्यांचा डाव मांडायला बसलेल्या माणसाचा जोड कुणी पळवावा, तसं. हे आवाज कुणा नटांचे नाहीत. ते खरंच केंड्रिकच्या आई-वडिलांचे आहेत.

पहिल्यांदा ऐकताना मला हसू आलं. ते यावं असंच ते केलंय. मुलगा जिवाशी खेळतोय आणि घरच्यांना व्हॅन आणि डॉमिनोज सुचतायत. पण जरा थांबा. आपण तरी फोनवर काय बोलतो? ‘पोहोचलास का’, ‘येताना दूध आण’, ‘बॅटरी किती आहे’. भीती वाटतेय असं कुठले आई-बाप सरळ म्हणतात? ती माउली व्हॅन मागत नाहीय, पोरगा मागतेय. हे त्याला त्या वेळी कळलं नाही, पण आठ वर्षांनी अल्बम करताना त्यानं ते आवाज गाण्यांमध्ये पेरले, यातच सगळं आलं.

पुढं मित्र त्याला गाडीत घेतात, कुणीतरी बीट्सची सीडी लावतं आणि केंड्रिक मागच्या सीटवर बसून रॅप करायला लागतो. ‘बॅकसीट फ्रीस्टाइल’. पैसा, सत्ता, बायका, सगळी फुशारकी. तुमच्या कानावर जे पडलंय, ते बहुधा हेच असणार. इथं पालक आणि अल्बम यांची चुकामूक होते. हा पंचवीस वर्षांचा कलावंत बोलत नाहीय. चार मित्रांसमोर शायनिंग मारणारा सतरा वर्षांचा पोरगा बोलतोय, आणि कलावंत त्याला आपल्यापुढं उभा करून दाखवतोय. नाटकातल्या खलनायकाचं भाषण ऐकून आपण नाटककाराला झोडत नाही. रॅपरला मात्र ती सवलत सहसा मिळत नाही.

लगेच पुढच्याच गाण्यात हवा निघते. गाण्याचं नावच ‘द आर्ट ऑफ पिअर प्रेशर’. आपण ज्याला वाईट संगत म्हणतो, तेच. एरवी मी नशापाणी करत नाही, भांडत नाही, पण या पोरांबरोबर असलो की करतो, अशी ती कबुली. पांढऱ्या टोयोटात चौघं, एका घरात घरफोडी, मागे पोलिसांची गाडी, आणि निव्वळ नशिबानं सुटका. यात मित्र वाईट आहेत असं तो एकदाही म्हणत नाही. आपण नेहमी ‘तो अमक्याचा मुलगा वाया गेलेला, त्याच्यात राहू नकोस’ म्हणतो, आणि त्या अमक्याच्या घरी आपल्या मुलाबद्दल हेच चाललेलं असतं. केंड्रिकला ठाऊक आहे की चौघांपैकी प्रत्येक जण एकटा असताना बरा आहे.

दारूचंही तसंच. ‘स्विमिंग पूल्स’ हे गाणं पार्ट्यांमध्ये लोक ग्लास उंचावून म्हणतात. बारकाईनं ऐकलं तर ते घरातल्या दारूबद्दल आहे: मोठ्यांच्या हातात बाटल्या बघत लहानाचा मोठा झालेला मुलगा, ‘घे रे, एवढ्यानं काय होतंय’ म्हणणारी मंडळी, आणि मधेच अंतर्मनाचा आवाज. अल्बमच्या मुखपृष्ठावर घरातला जुना पोलरॉइड फोटो आहे. मांडीवर तान्हा केंड्रिक, आजूबाजूला घरातली मोठी माणसं, त्यांच्या डोळ्यांवर काळ्या पट्ट्या. टेबलावर बाळाची दुधाची बाटली आणि दारूची बाटली एकाच रांगेत. बाळाचे डोळे तेवढे उघडे ठेवलेत. आपल्या घरच्या मंगळागौरी, बारसं, थर्टी फर्स्टच्या फोटोंत कडेला काय काय आलंय, हे एकदा बघा. मुलं बघतात.

मग केंड्रिकला मार बसतो, सूड घ्यायला मित्र निघतात, आणि त्या सूडात त्यांच्यातलाच एक मित्र, डेव्ह, गोळीला बळी पडतो. यानंतर येणारं बारा मिनिटांचं गाणं हा या अल्बमचा कळस. पहिलं कडवं मेलेल्या मित्राच्या भावाच्या तोंडी आहे. तो स्वतःबद्दल सांगत असतानाच गोळ्या वाजतात आणि ओळ अर्धी राहते. दुसरं कडवं एका मुलीच्या तोंडी. तिच्या बहिणीवर केंड्रिकनं आधीच्या अल्बममध्ये गाणं केलं होतं, आणि ती चिडून विचारते, आमच्या घरची गोष्ट जगाला सांगायचा अधिकार तुला कुणी दिला? ती तावातावानं बोलत राहते, आवाज मात्र हळूहळू विरत जातो. स्वतःच्या कलेवर इतका बोचरा आरोप स्वतःच्याच अल्बममध्ये करून ठेवणारे लोक मी फार पाहिले नाहीत. आपण मुलाचा निकाल, मुलीचं पहिलं चिडणं, आजारपण, सगळं फॅमिली ग्रुपवर टाकतो, तेव्हा त्या मुलीचा प्रश्न आपल्यालाही लागू होतो, एवढं जाता जाता.

त्या रागात, बंदुका हातात असताना, वाटेत एक म्हातारी भेटते आणि त्या पोरांकडून प्रार्थना म्हणवून घेते. तीच प्रार्थना अल्बमच्या अगदी सुरुवातीला ऐकू आलेली असते. तेव्हा तिचा अर्थ लागत नाही. तो इथं लागतो.

आणि मग ‘रिअल’ या गाण्यात पुन्हा मशीनवर आई-बाबा. या वेळी डॉमिनोजची पर्वा नाही. वडील म्हणतात, तुझ्या मित्राचं कळलं, वाईट वाटलं. पण मी जसं ठेचा खाऊन शिकलो, तसं तू शिकू नकोस. कुणाला मारण्यात काही मर्दपणा नाही. जबाबदारी घेणं, घर सांभाळणं हा मर्दपणा. शिकागो सोडून आलेला माणूस आहे हा. मुलाला उपदेश करताना स्वतःचा भूतकाळ तो दडवत नाही, म्हणून ते ऐकवतं. हेच शब्द पहिल्या फोनवर बोलले असते, तर मुलानं फोन कट केला असता. आईही बोलते: स्टुडिओतून फोन आला होता, जा, आणि माणूस होऊन परत ये, इथल्या पोरांना तुझी गोष्ट सांग.

याच वडिलांबद्दल केंड्रिकनं एक आठवण सांगितलीय. तो आठ वर्षांचा असताना डॉ. ड्रे आणि टुपॅक हे बडे रॅपर कॉम्प्टनमध्ये एका गाण्याचं चित्रीकरण करत होते; वडिलांनी त्याला खांद्यावर घेऊन ते दाखवलं. सतरा वर्षांनी त्याच ड्रेच्या देखरेखीखाली हा अल्बम निघाला.

आता थोडं परखड. सगळंच गोड मानून घ्यायचं कारण नाही. यातल्या बायका, आई आणि म्हातारी वगळता, फारशा माणसं म्हणून दिसत नाहीत; शरेन तर जवळपास सापळाच आहे. तुमच्या घरी मुलगी असेल तर ती हे बोलून दाखवेल, आणि मुलगा असेल तर तुम्ही बोलून दाखवा. दहा वर्षांच्या पोराला हा अल्बम नकोच. सोळाच्या पुढच्याला तुम्ही द्या न द्या, त्यानं तो ऐकलेलाच असतो.

तेव्हा ऐकायचाच तर त्याच्याबरोबर ऐका. एका रविवारी दुपारी, शब्द समोर ठेवून, तासाभराचं काम. तिथली बोली तुम्हाला निम्मी कळणार नाही. ती समजावून द्यायचं काम त्याच्याकडे सोपवा, मुलं ते मन लावून करतात. मधेमधे थांबवून भाष्य करू नका. ‘पिअर प्रेशर’नंतर ‘तुझ्या ग्रुपमध्ये असं कधी झालंय का?’ विचारलंत तर तो ‘नाही’ म्हणेल. ते मानून घ्या आणि पुढचं गाणं लावा. ‘स्विमिंग पूल्स’नंतर त्यानं तुम्हालाच काही विचारलं, तर मात्र खरं उत्तर द्यायची तयारी ठेवा.