डब्यातली मेथी

आपल्याला शेत नाही, परसही नाही. मग भाजी कुठं लावायची? जुन्या डब्यात!

तेलाचा रिकामा डबा घ्या. फवारणीच्या औषधाचा डबा घेऊ नका. धुतला तरी त्यात विष राहतं.

डब्याच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडा. भोकं नसली तर पाणी साचतं, मुळं कुजतात. दोन वाटे माती, एक वाटा कुजलेलं शेणखत भरा.

मेथीचे दाणे रात्री भिजवा, सकाळी पेरा. वर थोडी माती पसरा. डबा उन्हात ठेवा. तांदूळ धुतलेलं पाणी शिंपडा. साबणाचं पाणी नको.

महिन्याभरात भाजी तयार! दर आठवड्याला एक डबा पेरा. मग पोरांच्या ताटात हिरवी भाजी कधी खुंटणार नाही.

तुमच्या घरी कोणता डबा रिकामा आहे?