ईशानच्या खोलीची कडी

चि. सौ. मधुरा हिस,


परवा तू फोनवर जे विचारलंस, त्याचं उत्तर घाईत देण्यासारखं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. तुझा ईशान धाकट्या बाळाला चावला की तू त्याला आतल्या खोलीत ठेवून बाहेरून कडी लावतेस आणि पंधरा-वीस मिनिटांनी उघडतेस. यालाच टाइमआउट म्हणतात, असं तुला वाटतं. आधी एवढं ऐक: ती कडी आजपासून लावू नकोस. साडेतीन वर्षांचं पोर कोंडलं गेलं की आपण चावलो होतो हे त्याच्या मनातून मागे पडतं. आईने दार लावलं, एवढंच त्याच्यापाशी उरतं. शिवाय बंद दाराआड तो कशावर चढतोय, काय ओढतोय, हे तुला दिसतही नाही.

टाइमआउट वाईट आहे असं मात्र मी म्हणत नाही. आर्थर स्टाट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ही रीत स्वतःच्या लहान मुलीसाठी वापरली. तिने थयथयाट केला की तिला पाळण्यात ठेवायचं आणि रडं थांबलं की लगेच उचलायचं. चारचौघांत असलं की उचलून बाहेर न्यायचं. मुलाला जे हवंहवंसं आहे, म्हणजे खेळ, गंमत, मोठ्यांचं लक्ष, ते थोडा वेळ थांबवायचं, एवढंच त्यामागचं तत्त्व. त्यात भीती घालणं नव्हतं, लाजवणं नव्हतं.

माझं मन त्याहून जुन्या एका गोष्टीत रमतं. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत बालगृह सुरू केलं. तिथे एखादं मूल इतरांना फारच त्रास देऊ लागलं, की कोपऱ्यात एका छोट्या टेबलापाशी, आरामशीर खुर्चीत त्याला बसवत. बाकीची मुलं काम करताना त्याला दिसावीत अशीच ती खुर्ची मांडलेली असे. त्याची आवडती खेळणीही त्याला देत, आणि बाई त्याच्याकडे एखाद्या आजारी मुलाकडे बघावं तसं मायेने बघत. दुरून बघता बघता त्यालाच पुन्हा सगळ्यांत यावंसं वाटे. हीच विचारधारा गिजुभाई बधेकांच्या भावनगरमधून ताराबाई मोडकांबरोबर बोर्डी-कोसबाडला आली. बालवाडीतली माझी सगळी वर्षं त्याच संस्कारात गेली, म्हणून सांगते: शिक्षा कोपऱ्यात नसते. कोपऱ्याबाहेर जे चाललंय त्याची ओढ मुलाला असावी लागते. ईशानला दिवसभर तुझ्याकडून फक्त ‘बाळ झोपलंय’, ‘हात लावू नकोस’, ‘थांब जरा’ एवढंच ऐकायला मिळत असेल, तर दूर बसवून तू त्याचं काय थांबवणार? उलट, चावलं की आई धावत येते हे त्याला पक्कं कळलेलं असेल.

म्हणून बाळ झोपलं की रोज थोडा वेळ फक्त त्याचा ठेव. मोबाइल दुसऱ्या खोलीत. खेळ त्याने निवडायचा. बाळाशेजारी तो शहाण्यासारखा बसला की त्याच क्षणी बोलून दाखव, रात्रीपर्यंत थांबू नकोस.

तरीही चावला, तर आधी बाळाला घे. मग ईशानच्या उंचीला वाकून एकच वाक्य: ‘चावायचं नाही, बाळाला दुखतं.’ आणि हॉलमध्येच, तू दिसशील अशा जागी पाटावर बसव. वयाला एक मिनिट हा ढोबळ हिशेब आहे, म्हणजे त्याला तीन मिनिटं पुरे. तेवढ्या वेळात बोलणं नाही, रागावणं नाही. तो उठून पळाला तर न बोलता परत आण. फारच आकांत केला तर शेजारी बस. वेळ झाली की संपलं! ‘आता सॉरी म्हण, परत करशील?’ हे काही नको. जवळ घे आणि बाळाचं दुपटं आणून देण्यासारखं एखादं काम सांग. दूध सांडलं, जेवला नाही, रडला, यासाठी पाट नाही. तो मारण्या-चावण्यापुरताच. आणि दोन वर्षांच्या आतल्या मुलाला तर यातलं फारसं काही समजत नाही.

तुझ्या नणंदेने टाइमआउटने मुलं दुखावतात असं वाचलंय म्हणालीस. डॅनिएल सिगेल आणि टीना ब्रायसन यांनी २०१४ मध्ये तसं लिहिलं होतं आणि त्यावर बराच वाद झाला. नंतर त्यांनीच खुलासा केला, की त्यांचा रोख रागाच्या भरात, चुकीच्या रीतीने होणाऱ्या वापरावर होता. म्हणून तुझा हात शिवशिवत असेल तेव्हा पाटाचं नाव काढू नकोस. ईशानला सासूबाईंकडे दे आणि तू पाणी पिऊन ये.

सासूबाईंशी मात्र आधीच बोल. तू बसवायचं आणि त्यांनी ‘ये रे माझ्या राजा’ म्हणत लाडू द्यायचा, असं झालं तर पोराला दोन्हीकडून काहीच कळत नाही. त्यांना दोष न देता विचार, ‘आई, तीन मिनिटं आपण दोघी गप्प राहू या का?’ त्यांनाही नातवाचं भलंच हवंय.

ईशान संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यानच जास्त चावतो, असं तू बोलता बोलता म्हणालीस. मला वाटतं, बाळ आल्यापासून त्याची दुपारची झोप मोडली आहे. पुढचा आठवडाभर तो कधी झोपला, कधी खाल्लं आणि कधी चावला, हे कॅलेंडरवर लिहून ठेव आणि मला कळव. जूनमध्ये बालवाडीत घालशील तेव्हा तिथल्या ताईंना विचार, मूल मारकुटेपणा करू लागलं तर तुम्ही त्याला कुठे बसवता आणि तेव्हा त्याच्याजवळ कोण असतं.

तुझी,
आत्या